गाडी वाईट आहे, हे कोण सांगणार?

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर रविवारी सकाळी आमचं एक टोळकं जमतं. वयं पंचेचाळीस ते साठ, गुडघे कुरकुरणारे, मतं मात्र ठणठणीत. परवा विषय निघाला ‘टॉप गिअर’चा, म्हणजे ब्रिटनमधल्या त्या मोटारींच्या टीव्ही कार्यक्रमाचा. बीबीसीने नोव्हेंबर २०२३ मध्ये हा कार्यक्रम बेमुदत बासनात गुंडाळला, त्याला बरेच दिवस झाले. पण आमच्यातल्या काहींचं सुतक अजून फिटलेलं नाही. एकाने नेहमीचं पालुपद लावलं: जेरेमी क्लार्कसन, रिचर्ड हॅमंड आणि जेम्स मे हे तिघं निवेदक गेले त्या दिवशीच कार्यक्रम मेला, पुढची सगळी वर्षं नुसतं प्रेत मिरवलं. एकाची कॉलेजात जाणारी मुलगी बापाला घरी न्यायला आली होती. ती म्हणाली, ‘काका, बरं झालं संपलं ते. तीन माजुरडे म्हातारे पेट्रोल जाळतात आणि परदेशी लोकांवर पाचकळ विनोद करतात. त्यात बघायचं काय?’ पुढच्या अर्ध्या तासात जे झालं त्याला वाद म्हणणं कठीण आहे. इकडून ‘तुम्हाला विनोद कळत नाही’, तिकडून ‘तुम्हाला दुसऱ्याला लागतं ते कळत नाही’. चहा गार झाला आणि प्रत्येक जण आपलं मत जसंच्या तसं घेऊन घरी गेला.

मला दोन्ही बाजू एकाच खड्ड्यात पडलेल्या दिसतात. दोघंही त्या तीन माणसांबद्दलच बोलतात. ती आवडतात किंवा आवडत नाहीत, एवढंच. माझं म्हणणं असं की ‘टॉप गिअर’चं खरं मोल त्या तिघांच्या थट्टामस्करीत नव्हतं आणि आपल्याला सात जन्मांत न परवडणाऱ्या गाड्यांतही नव्हतं. समोरची गाडी भिकार असेल तर ती भिकार आहे असं लाखो लोकांसमोर सांगायची त्याला मुभा होती, आणि तसं सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी आपलं दुकान बंद होणार नाही याची खात्री होती. मोल होतं ते याचं. आपण त्या कार्यक्रमाची टिंगल उचलली, स्लो मोशन उचलली, टायर घासून काढलेला धूर उचलला. मुभा तेवढी तिथेच राहिली. गळा काढायचाच असेल तर त्यासाठी काढावा.

थोडा इतिहास सांगतो, कारण कट्ट्यावर तो कुणालाच आठवत नव्हता. हा कार्यक्रम १९७७ साली बर्मिंगहॅममधून एक स्थानिक कार्यक्रम म्हणून सुरू झाला आणि पुढच्या वर्षी ब्रिटनभर दिसू लागला. सुरुवातीच्या निवेदकांत अँजेला रिपन होती, बातम्या देणारी. ऐंशीच्या दशकात सू बेकर ही मोटार-पत्रकार त्यात अनेक वर्षं गाड्या तपासत होती. नव्या गाडीचं परीक्षण, रस्त्यावरची सुरक्षा, गाडीच्या खर्चाचा हिशेब, असा सगळा मामला. आपल्या दूरदर्शनवरच्या ‘आमची माती, आमची माणसं’चा हा मोटारीतला चुलतभाऊ म्हणा: उपयोगी, प्रामाणिक आणि जरासा कंटाळवाणा. क्लार्कसन त्यात आला १९८८ साली. प्रेक्षक आटत गेले तेव्हा बीबीसीने २००१ मध्ये तो बंद केला, आणि त्यातली काही मंडळी दुसऱ्या वाहिनीवर जाऊन ‘फिफ्थ गिअर’ करू लागली. मग ऑक्टोबर २००२ मध्ये क्लार्कसन आणि निर्माता अँडी विल्मन यांनी तो नव्या रूपात आणला. सरे परगण्यातली डन्सफोल्डची जुनी धावपट्टी, भोवती उभे प्रेक्षक, तोंडातून शब्द न काढणारा हेल्मेटधारी चालक स्टिग, आणि साध्या सुझुकी लिआनात बसून वेळ नोंदवणारे सिनेनट, हे सगळं तेव्हाचं. जेम्स मे तर पहिल्या मालिकेत नव्हताच; तो आला दुसऱ्या मालिकेपासून. म्हणजे आमचे मित्र जे ‘मूळ’ म्हणून उराशी कवटाळून बसलेत तो खरं तर पुनर्जन्म होता. २००२ मध्येही कुणीतरी म्हटलं असेलच, की छे, जुन्याची सर नाही.

पण या दोन्ही जन्मांत एक धागा अखंड राहिला. १९९५ साली क्लार्कसनपुढे व्हॉक्सहॉलची व्हेक्ट्रा आली. ब्रिटनमधल्या असंख्य नोकरदारांना कंपनीकडून मिळणारी ती गाडी. तिच्याबद्दल बोलण्यासारखं काहीच नाही, हेच त्याने ते सगळं परीक्षण भरून दाखवून दिलं. कंपनी भडकली. कार्यक्रम चालू राहिला. का राहिला? ब्रिटनमध्ये टीव्ही बघणारी घरं वर्षाला लायसन्स फी भरतात आणि बीबीसीच्या तिथल्या वाहिन्यांवर जाहिराती नसतात, म्हणून. (आपल्याकडेही एके काळी पोस्टात जाऊन रेडिओचं लायसन्स भरावं लागायचं, घरी जुन्या कपाटात ते पुस्तक अजून सापडेल.) ज्या कंपनीची गाडी पडद्यावर सोलून काढायची, तिच्याच पैशावर पडदा चालत असेल तर हात आखडतो. हा नीतीचा प्रश्न नाही, हिशेबाचा आहे.

इथे लगेच हरकत येईल, आणि ती खोटी नाही. बीबीसी म्हणजे काही सोवळ्यातलं देवघर नव्हे. ‘टॉप गिअर’ नावाचं मासिक होतं, त्यात मोटार कंपन्यांच्या जाहिराती असत. जगभर कार्यक्रम विकून बीबीसीच्या व्यापारी शाखेने बक्कळ पैसा केला. त्या धंद्यासाठी २००७ मध्ये काढलेल्या कंपनीत क्लार्कसन आणि विल्मन यांची भागीदारी होती, ती २०१२ मध्ये बीबीसीच्या त्या शाखेने विकत घेतली. म्हणजे लोकांच्या पैशावर उभं राहिलेलं झाड, फळं मात्र काही जणांच्या परसात. मान्य. पण या सगळ्या व्यवहारात मोटार कंपनी मालक नव्हती. प्रेक्षक मालक होता, आणि तो लंडनपासून मुंबईपर्यंत पसरलेला होता. एखादी कंपनी रुसली, तिने गाडी द्यायची बंद केली, तरी कार्यक्रम अडत नव्हता.

आता तिघांच्या भक्तांची बाजू. ती अगदीच पोकळ नाही. मार्च २०१५ मध्ये यॉर्कशायरमधल्या एका हॉटेलात, चित्रीकरण संपल्यावर गरम जेवण मिळालं नाही म्हणून क्लार्कसनने एका निर्मात्यावर हात उचलला. बीबीसीने त्याचा करार पुढे वाढवला नाही. त्याला परत घ्या म्हणून दहा लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. हॅमंड, मे आणि विल्मन त्याच्यामागे चालते झाले आणि ॲमेझॉनकडे जाऊन त्यांनी दुसरा संसार थाटला, तो २०२४ पर्यंत चालला. मागे उरलेल्या ‘टॉप गिअर’ने निवेदक म्हणून ख्रिस इव्हान्सला आणलं, तो एका मालिकेत गेला. भक्त म्हणतात, बघा, माणसं गेली की काही उरत नाही.

मराठी माणसाने तरी हे वाक्य जपून उच्चारावं. १९१३ साली किर्लोस्कर नाटक मंडळीतून तीन माणसं एकदम बाहेर पडली: बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे. त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. किर्लोस्कर मंडळींचं दिवाळं वाजणार असं तेव्हाच्या जाणत्यांना वाटलं नसेल तरच नवल. पण त्याच रिकाम्या झालेल्या रंगमंचावर दीनानाथ मंगेशकर नावाचा पोरगेला गवई उभा राहिला, गाजला, आणि १९१८ मध्ये तोही बाहेर पडून स्वतःची बलवंत मंडळी काढता झाला. तीन मोठे नट गेल्यावरही संस्थेला चौथा घडवता आला, कारण तिच्याकडे नाटकं होती, चाली होत्या, तालमीची शिस्त होती. मंडळींचं वैभव पुढे ओसरलं हे खरंच. पण ते काही १९१३ च्या त्या एका रात्रीत ओसरलं नाही. बीबीसीने २०१५ नंतर चूक केली ती इथे. त्यांनी तेच नाटक, तीच पदं, तेच प्रवेश ठेवले आणि त्या तिघांच्या मापाचे अंगरखे नव्या माणसांना चढवले.

आणि तरीही ‘नंतर नुसतं प्रेत’ हे वर्णन खरं नाही. नव्या माणसांत ख्रिस हॅरिस होता. २०११ मध्ये, म्हणजे कार्यक्रमात येण्याच्या कितीतरी आधी, त्याने जाहीर लिहिलं होतं की फेरारी परीक्षणासाठी पत्रकारांना देते त्या गाड्या खास तयार केलेल्या असतात. फेरारीने काही काळ त्याला गाड्या देणं बंद केलं. व्हेक्ट्राच्या परंपरेतला खरा वारस हाच, पण आमच्या भक्तांना त्याचं नावही धड आठवत नव्हतं. पुढे पॅडी मॅकगिनेस आणि क्रिकेटपटू अँड्र्यू फ्लिंटॉफ आले आणि २०२० मध्ये कार्यक्रम बीबीसीच्या मुख्य वाहिनीवर बढती मिळून गेला. प्रेताला कुणी बढती देतं का? कार्यक्रम थांबला तो प्रेक्षक कंटाळले म्हणून नव्हे. डिसेंबर २०२२ मध्ये डन्सफोल्डलाच मॉर्गन कंपनीची उघडी तीनचाकी गाडी उलटून फ्लिंटॉफचा चेहरा फाटला, म्हणून थांबला. हॅमंडही २००६ मध्ये जेट इंजिनाच्या गाडीत मरता मरता वाचला होता. दर वर्षी मागच्या वर्षीपेक्षा मोठं साहस दाखवायचं, ही भूक त्या तिघांच्याच काळात लागलेली. तिची किंमत मोजली दुसऱ्याने. हे भक्तांच्या हिशेबात कुठे बसतं?

विरोधकांची बाजू मला अधिक जवळची वाटते, कारण त्यांचा मुख्य पुरावा आपल्याच शहरातला आहे. डिसेंबर २०११ मध्ये दाखवलेला भारतावरचा खास भाग मुंबईत सुरू झाला. ब्रिटनचं व्यापारी शिष्टमंडळ असल्याचं सोंग घेऊन हे तिघं जुनी रोल्स-रॉइस, मिनी आणि जॅग्वार घेऊन उतरले. जॅग्वारच्या डिकीवर संडासचं भांडं बसवलेलं, कारण भारतात आलेल्या माणसाचं पोट बिघडतं म्हणे. रेल्वेच्या डब्यांना फलक असे लावले की डबे सुटे झाले की मजकूर फाटून शिवी तयार व्हावी. भारतीय उच्चायुक्तालयाने तक्रार केली. तेव्हा आपल्याकडे ‘आमचा अपमान’ आणि ‘एवढं काय मनाला लावून घ्यायचं’ अशा दोन फळ्या पडल्या, आणि त्या अजून मोडलेल्या नाहीत.

मला त्या संडासाचा राग आला नाही, कंटाळा आला. आपल्या तमाशातला सोंगाड्या काय कमी वाह्यात असतो? पण तो राजाची, पाटलाची, प्रधानाची टोपी उडवतो. बारीत शेवटी बसलेल्या उपाशी माणसाला चिमटा काढून हशा वसूल करत नाही, आणि केलाच तर तो हलका सोंगाड्या ठरतो. शिवाय त्या विनोदात एक मोठी संधी वाया गेली. ज्या जॅग्वारवर ते भांडं मिरवलं, ती कंपनी २००८ पासून टाटा मोटर्सच्या मालकीची, म्हणजे फोर्टातल्या बॉम्बे हाऊसच्या दारात उभी. साहेबाच्या अभिमानाची गाडी मुंबईच्या मालकाने विकत घेतली आणि साहेब त्याच मुंबईत ब्रिटिश माल खपवायला आला, यापेक्षा मजेदार प्रसंग कुठला? विनोद स्वतःवर उलटवायची हिंमत असती तर तो भाग अमर झाला असता.

आणि गंमत म्हणजे त्याच भागात एक खरी गोष्ट त्यांच्या हातून निसटून गेली. मुंबईत त्यांनी डबेवाल्यांशी शर्यत लावली: जेवणाचे डबे लोकलपेक्षा आधी मोटारीने पोचवायचे. व्हायचं तेच झालं. गाड्या ट्रॅफिकात रुतल्या आणि त्यांची फजिती झाली. मुंबईकराला यात बातमी काहीच नाही. चर्चगेटला डबा वेळेवर पोचवायचा तर तो लोकलनेच जायला हवा, हे दुसरीतलं पोरही सांगेल. पण मोटारींच्या कार्यक्रमाने मोटार हरलेली दाखवणं ही लहान गोष्ट नाही. २००७ मध्ये लंडनमध्येही त्यांनी तेच केलं होतं. क्यू ब्रिजपासून सिटी विमानतळापर्यंत शर्यत: हॅमंड सायकलवर, क्लार्कसन होडीत, स्टिग सार्वजनिक वाहतुकीने, मे मोठ्या मर्सिडीजमध्ये. सायकल पहिली आली, मोटार शेवटची. कॉलेजकन्येला पेट्रोलपूजेचा जो राग येतो त्याला याहून चांगलं उत्तर कुठल्या पर्यावरणाच्या माहितीपटात मिळालं असतं? आपल्याकडच्या कुणी परीक्षकाने अंधेरीहून नरिमन पॉइंटला सकाळी नऊला नवी कोरी एसयूव्ही आणि विरारहून आलेली फास्ट लोकल यांची शर्यत लावून, लोकल जिंकली असं शेवटी प्रांजळपणे सांगितलं, असं तुम्ही पाहिलंय? मी नाही.

‘अहो, करमणूक आहे ती, माहिती नव्हे’, हा बचाव दोन्ही बाजू सोयीने वापरतात. भक्त म्हणतात म्हणून माफ करा. विरोधक म्हणतात म्हणून फेकून द्या. टेस्लाचा खटला इथे आठवतो. २००८ च्या एका भागात टेस्ला रोडस्टरचं चार्जिंग धावपट्टीवर किती लवकर संपेल हे सांगून गाडी ढकलत शेडमध्ये नेताना दाखवली. चार्ज संपलेलाच नव्हता, असं म्हणत कंपनी २०११ मध्ये कोर्टात गेली आणि हरली. २०१३ मध्ये अपिलातही हरली. कोर्टाचा एक मुद्दा असा होता की धावपट्टीवर पिदाडलेली गाडी आणि रोजच्या रस्त्यावरची गाडी यांतला फरक समजूतदार प्रेक्षकाला कळतो. कायद्याने ठीक. पण पडद्यावर दिसलेली ढकलगाडी डोक्यात राहते आणि समजूतदारपणा घरी राहतो, हेही आपल्याला ठाऊक आहे. माझ्या एका शेजाऱ्याने त्यानंतर कितीतरी वर्षांनी ‘इलेक्ट्रिक नको रे, ढकलावी लागते’ म्हणून डिझेल घेतली. तेव्हा इथे मी कार्यक्रमाला सोडत नाही. ज्याच्या शब्दाला वजन आहे त्याने नाटक कुठे सुरू होतं ते सांगायला हवं.

मात्र याच्या उलटं उदाहरण आपल्याला झोंबणारं आहे. बंगळुरूची रेवा ही छोटी इलेक्ट्रिक गाडी लंडनमध्ये जी-विझ या नावाने विकली जायची. ‘टॉप गिअर’वाल्यांनी तिची यथेच्छ टर उडवली आणि आपल्याला राग आला. भारतीय बुद्धीची गाडी, तिला हसता? पण २००७ मध्ये त्यांच्या मासिकाने ती गाडी आपटून बघितली, आणि आतल्या माणसाचं काय होईल ते हसण्यासारखं नव्हतं. युरोपात ती कायद्याने मोटारीच्या वर्गात मोडतच नव्हती, हलक्या चारचाकीच्या वर्गात मोडायची, म्हणून मोटारींना लागणाऱ्या टकरीच्या चाचण्या तिला लागू नव्हत्या. म्हणजे टवाळी बाजूला काढली तरी तळाशी एक खरी माहिती उरत होती, आणि ती विकत घेणाऱ्याच्या जिवाशी संबंधित होती. देशाभिमान दुखावला म्हणून ती खोटी ठरते का?

आता आपल्या अंगणात या. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या लंडनच्या संस्थेने भारतात खपणाऱ्या पाच गाड्यांची टक्कर चाचणी जाहीर केली: अल्टो ८००, नॅनो, फिगो, आय-टेन आणि पोलो, सगळ्या बिनएअरबॅगच्या. मोठ्यांच्या सुरक्षेत पाचांनाही शून्य तारे. ज्या नॅनोवर सगळ्या देशाने २००८ मध्ये कौतुकाचे अग्रलेख लिहिले, तिलाही. तोवर किती वर्षं आपल्या वाहिन्यांवर मोटारींचे कार्यक्रम चालू होते! पिकअप सांगून झाला होता, ॲव्हरेज सांगून झालं होतं, डॅशबोर्डचं प्लॅस्टिक बोटाने ठोकून झालं होतं. भिंतीवर आपटल्यावर आतला माणूस उरतो का, हे सांगायला मात्र लंडनहून कुणीतरी यावं लागलं. त्यानंतर फोक्सवॅगनने पोलोत सगळीकडे दोन एअरबॅग दिल्या, डिसेंबर २०१८ मध्ये टाटांची नेक्सॉन पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी ठरली, जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग सक्तीची झाली आणि २०२३ मध्ये भारत एनकॅप, म्हणजे आपली स्वतःची तशी तारे देणारी चाचणी, सुरू झालं. एका रोखठोक निकालाने बाजार हलतो तो असा. हे काम आपल्या परीक्षकांना दहा वर्षं आधी करता आलं नसतं?

नसतं, असं त्यातलेच एक जण मला म्हणाले, आणि त्यांचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. एक गाडी आपटायची म्हणजे एक गाडी विकत घ्यायची, प्रयोगशाळा भाड्याने घ्यायची. वाहिनीला येणारा पैसा गाड्यांच्याच जाहिरातींचा. नवी गाडी चालवायला मिळते ती कंपनीच्या ‘मीडिया ड्राइव्ह’वर, कंपनीने निवडलेल्या रस्त्यावर, कंपनीने दिलेल्या हॉटेलात राहून. पहिल्या दिवशी व्हिडिओ आला नाही तर नंतर कुत्रं विचारत नाही, आणि कंपनी नाराज झाली तर पहिल्या दिवशी गाडीच मिळत नाही. ‘आम्ही खोटं बोलत नाही,’ ते म्हणाले, ‘काही गोष्टी बोलत नाही, एवढंच.’ या वाक्याबद्दल मी त्यांना दोष देणार नाही. पण तो धंदा आहे हे प्रेक्षकाने ओळखून असावं.

आणि प्रेक्षक तरी कुठे धुतल्या तांदळाचा आहे? आपण परीक्षण बघतो ते बहुधा गाडी बुक करून झाल्यावर, म्हणजे आपण शहाणपणाच केला हे कुणीतरी सांगावं म्हणून. आपल्या गाडीला कुणी नाव ठेवलं की पोराला नाव ठेवल्यासारखे उसळतो. ‘टॉप गिअर’ने मात्र हजारो लोकांच्या दारात उभ्या असलेल्या गाड्यांना तोंडावर नावं ठेवली आणि तेच लोक पुढच्या रविवारी परत बघायला बसले. ही सवय लागायला वेळ जातो. लावणारा कुणीतरी लागतो.

म्हणून मला वाटतं, नक्कल करायचीच तर नीट करावी. मुंबईला नकलेची मोठी परंपरा आहे. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या ‘पंच’चं रूप उचलून इथल्या पारशांनी ‘पारसी पंच’ काढलं, तेच पुढे ‘हिंदी पंच’ झालं. साचा साहेबाचा, पण व्यंगचित्रं आपल्या राजकारणावर, आपल्या महापालिकेवर. लंडनचे विनोद त्यांनी तसेच छापले असते तर आज कुणाच्या लक्षात राहिले असते? मोटारींच्या कार्यक्रमाचं आपण नेमकं उलटं केलं. साचा त्यांचा आणि रस्ताही त्यांचाच: रिकामा, वळणावळणाचा, डोंगरातला, कडेला धुकं. लालबागच्या पुलाखालून बेस्टची बस, हातगाडी आणि दोन रिकाम्या टॅक्सी यांच्यामधून गाडी काढताना क्लचवरचा पाय किती भरून येतो, हे त्या धुक्यात कसं कळणार?

या शहराला विचारण्याजोगे प्रश्न काय कमी आहेत? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा पाण्यात बंद पडलेल्या गाड्यांत अडकून माणसं गुदमरली. काचा बटणाच्या आणि बटण बंद. तेव्हापासून वीस पावसाळे झाले. कुठल्या गाडीची काच पाण्यात किती वेळ खाली येते, आतून दार उघडायचं कसं, हे हिंदमाताच्या चौकात किंवा अंधेरी सबवेच्या तोंडाशी उभं राहून कुणी करून दाखवलं? माझीच गाडी एका जुलैत गुडघाभर पाण्यात बंद पडली. मी शहाण्यासारखा पुन्हा स्टार्टर मारला, इंजिनाने पाणी ओढलं आणि आतला दांडा वाकला. विमा कंपनीने सांगितलं की इंजिनाचं वेगळं संरक्षण तुम्ही घेतलेलंच नाही. ही गाडी घेण्याआधी मी तिची पाच परीक्षणं पाहिली होती. पाचांतही तिच्या संगीत-व्यवस्थेवर दोन-दोन मिनिटं होती. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर गाडीच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. मागच्या सीटवरच्यांनी पट्टा लावला नव्हता असं पोलिसांनी सांगितलं, आणि मग नोव्हेंबरपासून मुंबईत मागच्या सीटचा पट्टा सक्तीचा झाला. त्याआधी कुठल्या परीक्षकाने मागच्या सीटवर बसून, पट्टा लावून, तो मानेला काचतो की नाही हे सांगितलं होतं? मागच्या सीटबद्दल आपल्याला फक्त एवढंच कळतं की तिघं आरामात बसतात.

कट्ट्यावरच्या त्या भक्त मित्राने मागच्या आठवड्यात नवी गाडी बुक केली. पेढे दिले. मी विचारलं, कुठला व्हेरियंट? म्हणाला, ‘सनरूफवाला. त्याखालचा घेतच नाही कुणी.’ एअरबॅग किती? ‘थांब, सांगतो,’ म्हणाला आणि मोबाइलवर परीक्षणाचा व्हिडिओ लावला. बावीस मिनिटांचा होता. आम्ही कट्ट्यावर डोकी जुळवून बघत बसलो. रिकाम्या घाटातून गाडी गेली, धुकं आलं, ड्रोन वर गेला. चौदाव्या मिनिटाला सनरूफ उघडलं, बंद झालं, पुन्हा उघडलं. कॉलेजकन्या बापाची वाट बघत मागे उभी होती. तिने फोन हातातून घेतला, व्हिडिओ बंद केला आणि कंपनीच्या ब्रोशरमधला बारीक अक्षरातला तक्ता शोधायला लागली.